वळण लावायचे म्हणजे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला आपल्याकडे नेहमी शिकलेल्या बायका उभ्या राहतात. कोणी शिक्षिका असतात, कोणी डॉक्टरीणबाई असतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातून मी विषय असा सांगितला की, कार्यवाहताईंनी नाव लिहून घेताना दोनदा विचारले, "मोटारसायकल? नक्की ना?" मी म्हटले, अगदी नक्की. कारण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यात जे बोलणे झाले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

वाण लुटून झाले, तिळगूळ झाला, आणि बोलता बोलता विषय निघाला तो पोरांच्या गाड्यांचा. रविवारी पहाटे मुले पसरणीच्या घाटात गाड्या घेऊन जातात, वळणावर गाड्या आडव्या करतात, त्याचे फोटो मोबाईलवर टाकतात. ऐकून प्रत्येकीच्या पोटात गोळा आला. कोणी म्हणाले, मंडळाने ठरावच करावा की, कोणत्याही आईने मुलाच्या हाती गाडीची किल्ली द्यायची नाही. आणि मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. ते साहजिकच होते. आमचे गॅरेज आहे. ज्या गाड्यांचे नाव काढून आपण घाबरतो, त्याच गाड्या आमच्या दारात दुरुस्तीला उभ्या असतात. आणि त्या रविवारच्या पोरांत माझा थोरलाही असतो.

त्या दिवशी मी गप्प राहिले. विचार करून बोलावे असे वाटले. आज बोलते.

भगिनींनो, घरातून कोणी गाडीवर निघाले की आपण दारात उभ्या राहून एकच शब्द बोलतो: "सावकाश जा." माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या, मीही म्हणते. हा शब्द मायेचा आहे, त्यात शंका नाही. पण त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे आपण कधी सांगितले आहे का? सावकाश म्हणजे किती? कुठे? सरळ रस्त्यावर की वळणावर? वळणाच्या आधी की वळणात? मूल "हो" म्हणते आणि जाते. आपण आत येऊन पोळ्या लाटायला बसतो. भाजीत मीठ घाल म्हटले तर सून विचारते, किती चमचे? इथे मात्र प्रश्न जिवाचा, आणि मापच दिलेले नाही.

गाडी चालवण्याचे आनंद दोन आहेत, हे मी आधी कबूल करून टाकते. एक आनंद सावकाश जाण्याचा. वाईहून मेणवलीवरून धोमकडे संध्याकाळी निघालो, की एका बाजूला कृष्णेचे खोरे, शेतात ऊस, हवेत ओल्या मातीचा वास. गाडी चाळिशीत चालली आहे, मागे बसून नवऱ्याशी चार गोष्टी बोलता येतात, मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यापाशी थांबता येते. त्यात कसली घाई नाही. बुलेट चालवणारे तर या सुखाचे वेडेच असतात. ती धुडधुड ऐकत दिवसभर एका लयीत जाणे हेच त्यांचे समाधान.

दुसरा आनंद घाटाचा. तो बोलून दाखवायला आपल्याला लाज वाटते, पण मला तो ठाऊक आहे. माझे माहेर भिलार. तेच ते, २०१७ सालापासून पुस्तकांचे गाव म्हणून नाव झालेले. २००१ साली माझे लग्न झाले तेव्हा यांच्याकडे जुनी घेतलेली यामाहा आरएक्स १०० होती. त्या गाडीचे उत्पादन १९९६ लाच बंद झाले होते, पण ज्याच्याकडे होती तो तिला जिवापाड जपायचा. पहिल्या पाडव्याला माहेरी निघालो आणि घाट सुरू झाला. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण चढण पाचशे मीटरांहून जास्त. गाडी एका वळणात डावीकडे झुकली, दुसऱ्यात उजवीकडे झुकली, खाली वाई एवढीशी दिसू लागली. मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती गंमत. माहेरी पोहोचले तेव्हा आई म्हणाली, "अगं, तुझा चेहरा काय फुलला आहे!" आईला वाटले, माहेरी आल्याचा आनंद. तोही होताच.

तुम्ही म्हणाल, बायकांना असल्या गोष्टीत कसली गंमत? तर मी विचारते, आपण मंगळागौरीला फुगडी का खेळतो? बसून गप्पा मारल्या तरी रात्र जागून होते की. फुगडीत आपण एकमेकींचे हात घट्ट धरतो, अंग मागे टाकतो आणि गरगर फिरतो. एकटी असती तर त्या कलण्यात धाडकन पडली असती. हाताची पकड आहे आणि फिरण्याचा जोर आहे, म्हणून दोघी तोलून राहतात. ते जे क्षणभर अंगाचे वजन नाहीसे झाल्यासारखे वाटते, तीच फुगडीची मजा. घाटातल्या वळणावर गाडी कलते तेव्हा नेमके तसेच वाटते. तेव्हा पोरांना ज्याची ओढ लागते, ती ओढ वाईट नाही. ती आपल्यालाही आहे. आपण ती अंगणात भागवतो, ती रस्त्यावर भागवायला जातात.

फरक एवढाच की, फुगडीत हात सुटला तर कंबर दुखते. घाटात सुटला तर काय होते ते सांगायला नको.

आता तो हात कोणता? गाडीचा टायर. गॅरेजमध्ये हिशेबाची वही लिहिता लिहिता मला जे कळले त्यातली पहिली गोष्ट ही की, एवढी मोठी गाडी, तिच्यावरची दोन माणसे, यांचा रस्त्याशी संबंध असतो तो केवढा? पुढच्या चाकाखाली एका तळहाताएवढी जागा, मागच्या चाकाखाली एका तळहाताएवढी जागा. बस. या दोन तळहातांनी रस्ता धरलेला असतो. टायर गुळगुळीत झाला, हवा कमी असली, रस्त्यावर वाळू, चिखल किंवा सांडलेले डिझेल असले, की तो हात सुटायला लागतो.

दुसरी गोष्ट मला थोरल्याने समजावली. तो डिप्लोमाला आहे. त्याने वहीच्या पानावर गणित मांडून दाखवले. वळण तेच ठेवून वेग दुप्पट केला, तर टायरला रस्ता दुपटीने धरावा लागत नाही, चौपटीने धरावा लागतो. वीस मीटर त्रिज्येचे एक वळण घ्या. ताशी २० किलोमीटरने गेलात तर गाडी सुमारे ९ अंश कलते, म्हणजे दारातून हळूच डोकावल्यासारखी. तेच ताशी ४० ने गेलात तर ३२ अंश कलावी लागते. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगला टायर तेवढे धरील. पाऊस पडून गेला असेल, वळणाच्या कडेला खडी आली असेल, तर धरीलच असे नाही. चाळीस हा काही मोठा आकडा वाटत नाही, पण त्या वळणाला तो मोठा आहे. म्हणून नुसता वेगाचा काटा पाहून सावकाश कळत नाही. सावकाश हे वळणावर ठरते.

आमच्या यांनी मुलांना शिकवताना तीन गोष्टी क्रमाने सांगायची पद्धत ठेवली आहे. वळणाआधी ब्रेक, वळणात नजर, वळण सुटताना रेस. ऐकायला सोपे आहे, पण या क्रमातच सगळे आहे.

वळणाआधी ब्रेक म्हणजे, वेग कमी करायचा तो गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबला तर त्या एका तळहाताला दोन कामे करावी लागतात, वळवायचे आणि थांबवायचे. एका हातात कळशी आणि त्याच हाताने दार लोटायचे, तसे ते होते. हल्ली १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आहे. त्यामुळे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. ही सोय फार चांगली आहे. पण वळणात शिरतानाच वेग जास्त असला, तर ती सोय रस्ता रुंद करून देत नाही.

वळणात नजर म्हणजे, जिथे जायचे तिथे पाहायचे. दरीकडे पाहिले तर गाडी दरीकडे जाते. समोरून येणाऱ्या एस.टी.च्या चाकाकडे पाहात राहिले तर गाडी त्या चाकाकडे जाते. सुईत दोरा ओवताना आपण भोकाकडे पाहतो, बोटाकडे पाहात नाही, तसेच हे. आणि मन तेवढे एकाग्र व्हावे लागते म्हणूनच घाटाची गंमत आहे, असे माझे मत झाले आहे. घाटात घरची काळजी, उधारी, भांडण काही आठवत नाही. पुढचे वळण तेवढे असते. पोरांना वाटते ती मजा वेगाची आहे. ती खरी लक्ष देण्याची असते. म्हणून ती थोड्या वेगातही पुरेपूर मिळते.

वळण सुटताना रेस म्हणजे, पुढचा रस्ता मोकळा दिसला की मग हळूच वेग द्यायचा, आधी नाही.

उतरताना आणखी एक. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला पुष्कळजण गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. असे कधी करू नये. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन गाडीला मागे ओढून धरते. नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. पाचगणीहून खाली येईपर्यंत वाचणार किती, तर अर्धा कप पेट्रोल. एवढ्यासाठी कोणी जीव टांगणीला लावतो का?

आता मी दोन प्रसंग सांगते. दोन्ही तुम्हाला ऐकून ठाऊक आहेत, पण त्यातले सगळे ठाऊक नाही.

पहिला २०२२ सालच्या पावसाळ्यातला. परगावचा एक मुलगा घाटात गेला. गाडी उचलून आणायला आमच्या यांना बोलावले होते. हे घरी आले, हात धुतले आणि जेवलेच नाहीत. रात्री मला म्हणाले, "अगं, रस्त्यावर त्याच्या चाकाची काळी रेघ होती. वळण डावीकडे, आणि रेघ सरळ समोर गेलेली. त्याने घाबरून ब्रेक दाबून धरला आणि गाडी कलवलीच नाही. टायरच्या कडा कोऱ्या आहेत. आणखी कलली असती गाडी, निघाला असता पोरगा." म्हणजे पाहा, तो मुलगा गाडी फार आडवी केल्यामुळे गेला असे सगळे म्हणत होते. वेग त्याचा जास्त होताच. पण शेवटच्या क्षणी त्याला कोणी शिकवलेले नव्हते म्हणून तो गेला. सावकाश जा, हे त्यालाही त्याच्या आईने दारात सांगितले असेलच. वळण कसे घ्यायचे ते मात्र कोणी सांगितले नव्हते.

दुसरा प्रसंग आपल्याच आळीतला. त्या घरच्या वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. त्यांचा मुलगा शांत, घाटाच्या वाटेला न जाणारा. लग्नाहून परत येत होता. रात्रभर जागरण, दुपारचे ऊन, आणि सुरूरहून वाईकडे येणारा सपाट रस्ता. वेग पन्नासाचा. कोणाच्या पुढे जायची घाई नाही, की काही नाही. त्याला डुलकी लागली. पायात सळई घालावी लागली, शिक्षणाचे एक वर्ष गेले. देवाची कृपा, आता चालतो-फिरतो. तेव्हा आपण सगळ्या म्हणालो, एवढा सावकाश जाणारा मुलगा, त्याच्याच नशिबी कसे आले हे? पण ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर गाडी कोणाच्याच हाती नसते. पन्नासाच्या वेगातही चाळीसएक मीटर होतात. घाट माणसाला जागे ठेवतो. सरळ रस्ता झोपवतो. इंजिनची एकच लय, वारा एकसारखा, आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटत असतानाच लक्ष सुटते.

म्हणून मी म्हणते की, वळणाचा रस्ता धोक्याचा आणि सरळ रस्ता सुखाचा, अशी वाटणी करून चालणार नाही. घाटात वेग आवरायला शिकावे लागते, आणि सरळ रस्त्यावर लक्ष आवरायला. तासा-दीड तासाने उतरावे, पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत. जेवण जड झाले असेल तर थोडे थांबावे. जागरण झाले असेल तर निघूच नये. पाहुण्यांना सोडून उशिरा निघालो तर वाईट दिसेल का, याची काळजी आपण बायकाच जास्त करतो. दिसू द्यावे थोडे वाईट.

थोरला मला मोबाईलवर परदेशातल्या शर्यती दाखवतो. इंग्लंडजवळ आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तिथे १९०७ सालापासून मोटारसायकलींची शर्यत होते. डोंगरातून जाणारा सुमारे साठ किलोमीटरचा फेरा, दोनशेंहून जास्त वळणे. एरवी तो साधा गावांतून जाणारा रस्ता. शर्यतीच्या वेळी तो इतर वाहतुकीला बंद करतात, स्वार वर्षानुवर्षे एकेक वळण पाठ करतात. इतके करूनही आजवर त्या मार्गावर अडीचशेहून जास्त स्वार गेले आहेत. अमेरिकेत एक रस्ता आहे, त्याला लोक ड्रॅगनची शेपटी अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. अठरा किलोमीटरांत ३१८ वळणे. लांबलांबून लोक केवळ ती वळणे घ्यायला तिथे जातात. मी ते पाहिले आणि पोराला म्हटले, "अरे, त्यांच्या शर्यतीत समोरून स्ट्रॉबेरीचा टेम्पो येतो का? मेंढरे आडवी येतात का? माकडे उडी मारतात का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही आई, रस्ता बंद असतो." मग मी म्हटले, "आपला पसरणीचा घाट बंद नसतो. तिथे तू एकटा नाहीस. वळणापलीकडे कोणाची तरी आई येत असेल." हे त्याला लागले, असे मला वाटते. कारण त्यानंतर त्याने विषय थट्टेवर नेला नाही.

किल्ली काढून घेण्याचे माझ्या मनात आले नव्हते असे नाही. पण आमच्या दारात वीस गाड्या उभ्या असतात, मित्रांच्या चाळीस. मी एक किल्ली कपाटात ठेवली तर तो दुसऱ्याची गाडी घेईल, आणि त्या गाडीचा टायर कसा आहे, ब्रेक कसा आहे, हे मला कळणारही नाही. चोरून केलेल्या गोष्टीत लक्ष अर्धे मागे असते, कोणी पाहील का म्हणून. आणि घाटात अर्धे लक्ष म्हणजे काय, ते आत्ताच सांगितले.

तेव्हा एका रविवारी मी त्याला म्हटले, "मी मागे बसते. घाट चढू आणि उतरू. तू नेहमी चालवतोस तसाच चालव." तो म्हणाला, "आई, तू ओरडशील." मी म्हटले, "वाईवरून पाचगणी आणि परत, एक शब्द बोलणार नाही." आणि नाही बोलले. खाली आल्यावर टपरीवर चहा घेतला आणि मग बोलले. चढताना तो छान चालवत होता, ते आधी सांगितले. मग सांगितले की उतरताना तीन वळणांवर त्याचे चाक मधल्या रेषेच्या पलीकडे गेले होते. मी मोजली होती, जागाही सांगितल्या. त्याला ते कळलेच नव्हते. रेषा ओलांडली याचा अर्थ त्या वळणाला त्याचा वेग जास्त होता, मग काटा काहीही सांगो. आमच्यात तेव्हापासून एक अट ठरली. गाडी आपल्या बाजूच्या रेषेच्या आत राहील एवढाच वेग. पावसात आणि धुक्यात ही गंमत नाही, तेव्हा फक्त कामापुरते जाणे. एस.टी.च्या पुढे वळणावर जायचे नाही. चढणाऱ्या गाडीला वाट आधी, हा घाटाचा नियमच आहे. आणि आंधळ्या वळणावर हॉर्न. मोबाईलवर फोटो टाकायला कोणी बरोबर आला, तर त्या दिवशी परत फिरायचे, कारण बघणारा असला की वेग आपोआप वाढतो.

तो हे सगळे पाळतो का? पुष्कळ पाळतो. रविवारी सकाळी दारात गाडीचा आवाज येईपर्यंत माझा चहा आजही घशाखाली उतरत नाही, हे मी लपवत नाही. शिकवले म्हणून काळजी जाते असे नाही. पण मला ठाऊक असते की तो कुठे आहे, आणि घाटात त्याचे हात काय करत आहेत. एवढेही पुष्कळ आहे.

आता आपल्याविषयी थोडे बोलते. आपल्यापैकी बहुतेकजणी गाडीवर मागे बसतात. मागे बसणारीलाही काम असते. एका अंगावर बसले की सगळे वजन एका बाजूला जाते आणि घाटातल्या वळणावर चालवणाऱ्याचा तोल बिघडतो. शक्य असेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसावे, गाडी कलेल तिकडे कलावे, भीतीने उलट्या बाजूला अंग टाकू नये. फुगडीत जोडीदारीण उलटी ओढू लागली तर काय होते ते आठवा. पदर आणि ओढणी नीट खोचावी. चाकात ओढणी जाऊन बाई पडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्या खोट्या नाहीत. मागच्या चाकाची जाळी मुलांना नको असते, गाडी वाईट दिसते म्हणून काढून टाकतात. ती काढू देऊ नका, ती कायद्यानेच लावायची असते. आणि हेल्मेट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितले आहे. अंबाडा बसत नाही म्हणून आपण ते हातात धरतो. अंबाडा खाली बांधा, वेणी घाला, पण हेल्मेट डोक्यावर असू द्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असू द्या. आयएसआयचे चिन्ह पाहून घ्या. रस्त्याच्या कडेला मिळणारी पातळ टोपी डोके वाचवत नाही, फक्त दंड वाचवते.

आणि जमेल तिने पुढच्या सीटवर बसायला शिकावे. मी २०१७ साली शिकले. सासूबाईंना औषधपाण्याला न्यायचे होते, हे कामात, आणि पोरे लहान. स्प्लेंडरवर शिकले, गिअरची गाडी. पहिल्या दिवशी मैदानात चार पोरे हसायला उभी होती. आठव्या दिवशी त्यांतल्याच एकाची आई माझ्याकडे शिकायला आली. घाट मी स्वतः चालवू लागले तेव्हा मला कळले की, डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे लोटावी लागते आणि मग गाडी आपोआप डावीकडे कलते. इतकी वर्षे मागे बसून हे मला कळले नव्हते. स्वतः चालवलेल्या बाईने पोराला चार गोष्टी सांगितल्या तर तो ऐकतो. न चालवलेल्या बाईचे बोलणे तो मायेचे म्हणून ऐकतो आणि विसरतो. मी माझ्या चालीने चालवते, पंचवीस-तीसने. पण वळण नीट साधले की माझ्या मनाला आजही फुगडीसारखे वाटते. पंचेचाळीशीला आलेल्या बाईला हे शोभते का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, शोभते.

भगिनींनो, आपल्या भाषेत वळण हा शब्द किती ठिकाणी येतो पाहा. रस्त्याचे वळण, अक्षराचे वळण, घराण्याचे वळण, आणि मुलाला लावतो ते वळण. अक्षराला वळण लावताना आपण मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेत नाही. त्याचा हात धरून गिरवून घेतो. पहिल्या दिवशी अक्षर रेषेबाहेर जाते, मग हळूहळू रेषेत येते. गाडीचेही तसेच आहे असे मला वाटते.

म्हणून ठरावाबद्दल माझे म्हणणे असे आहे. किल्ली काढून घेण्याचा ठराव मंडळाने करू नये. त्याऐवजी येत्या वर्षात मंडळाने दोन गोष्टी कराव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदानात महिनाभर सकाळी बायकांना गाडी शिकवावी. जागा मिळाली तर आमची जुनी स्प्लेंडर मी देईन, आणि शिकवायला मी येईन. दुसरे, दिवाळीनंतर एक दिवस आपल्या सगळ्यांच्या मुलांच्या गाड्या इथे आणून टायर, हवा आणि ब्रेक तपासून घ्यावेत. आमचे हे त्याचे पैसे घेणार नाहीत, हे मी त्यांना विचारून सांगते आहे. म्हणजे, विचारले ते आज सकाळी.

आणि दारात उभे राहून काय म्हणायचे? सावकाश जा, हे म्हणावेच. तो शब्द सोडवणार नाही. पण त्याच्यामागे एक प्रश्न जोडावा. कोणता रस्ता धरणार आहेस? घाटाचा असेल तर म्हणावे, वळणाआधी ब्रेक. सरळ असेल तर विचारावे, रात्री झोप झाली आहे ना?

मला भाषण करण्याची सवय नाही. बोलताना काही अधिक-उणे झाले असेल तर घरची म्हणून सांभाळून घ्यावे.